लेकराचा सण, मायचा विसावा

दिवाळीच्या तोंडावर संभाजीनगरकडून परभणीकडे येणारी गाडी सेलूला थांबली, की डब्यातून आधी पिशव्या उतरतात, मग दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू आणि शेवटी त्याची माय. वाळूज, चाकण, पुणे, जिथं पोटाची सोय झाली तिथून निघालेली ही तरुण जोडपी पुढे एसटीनं नाहीतर जीपनं वालूरसारख्या गावी पोचतात. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो. घटकाभरात लेकरू आजीच्या मांडीवरून काकूच्या कडेवर आणि काकूकडून आत्याकडे जातं. घर भरून येतं. शहरातल्या दोन खोल्यांत आई-बापाशिवाय तिसरा चेहरा न पाहिलेल्या लेकराला आपलं गणगोत किती मोठं आहे, हे पहिल्यांदा कळतं.

हे सुख खरं आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. पण त्याच घटकेला लेकराची माय कुठं असते, हेही पाहायला हवं. रात्रभर मांडीवर लेकरू घेऊन बसून आलेली ती पोर लुगडं बदलून थेट चुलीपाशी गेलेली असते. पाहुण्यांचा चहा, करंज्यांचं सारण, पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी पाणी तापवणं, आणि मधूनच कुणीतरी हाक मारतं, "अगं, लेकरू रडतंय, पाज त्याला." हसतं लेकरू सगळ्यांचं आणि रडतं लेकरू तिचं, अशी वाटणी न बोलता झालेली असते. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या घरात तान्हं लेकरू आहे, त्या घरचा सण चांगला झाला की नाही, हे फराळाच्या डब्यांवरून ठरवू नये. लेकराच्या मायला किती झोप मिळाली आणि लेकराच्या बापानं लेकराचं किती केलं, यावरून ठरवावं.

ही काही बाहेरून आणलेली अपेक्षा नाही. आपल्या जुन्या रीतींतच तिचं मूळ आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत नीट पाहा. सासरी सून ही कामाची बाई असते. माहेरी तिला कुणी उठवत नाही. सव्वा महिना तिनं बाजेवर राहायचं, आईनं तेल-पाणी, शेक-शेगडी पाहायची, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करायचे. आजीनं नाहीतर सुईणीनं दोन्ही पाय लांब करून त्यावर लेकराला न्हाऊ घालायचं. बाळंतिणीचं अंग भरून यावं आणि तिला दूध यावं, यासाठी घरानं आपला एक माणूस त्या कामाला लावून दिलेला असे.

पुढचे विधीही तसेच आहेत. पाचवी-सहावीला सटवाई लेकराच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणून घर जागं राहायचं. नशिबाचं सोडा, पण तान्ह्या लेकराच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो तो पहिल्याच आठवड्यात, आणि त्या आठवड्यातल्या एका रात्री मायसोबत आणखी चार माणसं जागी असत. बारशाला नाव ठेवायचं ते आत्यानं, म्हणजे सासरची लेक या लेकराशी बांधली गेली. उष्टावण करायचं मामानं, जावळ काढायचं तेही मामाच्या मांडीवर. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे लेकराच्या डोक्यावरून ओतायचे आणि आळीतल्या पोरांनी ते वेचायचे. लेकराची पहिली ओळख व्हायची ती आपल्या वयाच्या थोड्या पुढच्या सवंगड्यांशी. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा ज्येष्ठा-कनिष्ठेच्या पुढ्यात त्यांची लेकरंही मांडतात. देवीसुद्धा लेकुरवाळी माहेरवाशीण म्हणून येते, आणि तीन दिवस तिच्याकडून कुणी काम करून घेत नाही. तिचं आगत-स्वागत होतं, सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो आणि तिला सन्मानानं बोळवलं जातं.

या सगळ्याला मी नात्यांची कामवाटणी म्हणतो. एका लेकराभोवती किती नाती आहेत आणि प्रत्येक नात्यानं काय करायचं, हे त्यात ठरवून दिलेलं होतं. आज विधी उरला आणि काम गळालं. बारसं कार्यालयात होतं, बोरन्हाणाला मागे फलक लागतो, मामा मांडीवर लेकरू घेतो तो फोटो निघेपर्यंत. त्यानंतर लेकरू परत मायकडे जातं.

जुनं सगळं सोन्याचं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या कामवाटणीत बहुतेक काम बायकांचंच होतं. एका बाईचा भार दहा बायकांत वाटला जाई, पुरुष त्या वाटणीत फार तर मांडी द्यायला येत. विटाळाच्या नावाखाली बाळंतीण अंधाऱ्या, धुरकट खोलीत कोंडली जाई. विधवेला पाळण्याच्या दोरीला हात लावू देत नसत. मुलगी झाली तर घराचं तोंड उतरे. दुसऱ्या-तिसऱ्या लेकराच्या वेळी माहेरही मिळत नसे आणि विसावाही. तेव्हा मागे परत जा, असं कुणालाच सांगायचं नाही. नात्याला काम नेमून देण्याची रीत ठेवायची आणि त्या वाटणीत आजवर ज्यांना घेतलंच नाही, त्या पुरुषांना घ्यायचं, एवढंच म्हणणं आहे.

याची गरज आकड्यांत दिसते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ त्यात २९९ मिनिटं निघाला आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७. मुलाबाळांची, आजाऱ्या-म्हाताऱ्यांची काळजी घेण्यात बायकांची १३४ मिनिटं आणि पुरुषांची ७६. हे झालं रोजच्या दिवसाचं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, सणाच्या दिवशी, बाईच्या वाट्याला यापेक्षा कमी येत असेल असं कोण म्हणेल?

परभणी जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं होतं. परभणी जिल्ह्यात त्यांतल्या सुमारे ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. कायद्यानं हे लग्न गुन्हा आहे, २००६ पासूनचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, तरी जवळजवळ निम्म्या पोरींची ही कथा आहे. म्हणजे आपण 'तरुण कुटुंब' म्हणतो तेव्हा कित्येक घरांत कडेवर लेकरू घेतलेली ती मायच अजून वाढीच्या वयातली असते. तिला स्वतःला पोटभर जेवण, झोप आणि शाळा हवी होती. तिच्याकडून सुगरणीची, आदर्श सुनेची आणि आदर्श आईची परीक्षा एकाच चार दिवसांत घ्यायची, हा तिच्यावर अन्याय आहे. लेकराचं कौतुक करताना पोरीचं वय न विचारणारं गणगोत त्या अन्यायात सामील असतं.

"गावाकडे काय, हाताखाली चार माणसं असतात," असं शहरात म्हणतात. दिवाळीच्या दिवसांत वालूरच्या शिवारात येऊन पाहावं. सोयाबीनची रास झालेली असते किंवा चाललेली असते, कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला बाई मिळत नाही. लेकराला सांभाळायची ती आजी सकाळीच ओटी बांधून रानात गेलेली असते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे दिवाळीच्या आगे-मागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि तान्ही लेकरं मायबरोबर फडावर जातात, पाचटाच्या कोपीत वाढतात. कायद्यानं २०१७ पासून आस्थापनांतल्या नोकरदार बाईला पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. वेचणीच्या आणि तोडीच्या बाईला ती नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या लेकराचे ५,००० रुपये आहेत. ते मिळालेच पाहिजेत, पण पैशानं रजा मिळत नाही. तिची रजा घरानंच द्यावी लागते.

आणि बाप? केंद्र सरकारी नोकराला लेकरू झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या पोराला अशी रजा देणारा कायदा नाही. तो पाळीला जातो तेव्हा लेकरू झोपलेलं असतं, परत येतो तेव्हाही झोपलेलं असतं. अशा बापाला वर्षात लेकरासोबत सलग चार-पाच दिवस मिळतात ते दिवाळीतच. माझ्या मते या सणाचं आजच्या काळातलं सगळ्यात मोठं मोल हे आहे. पण होतं काय, तर गावी पोचल्या पोचल्या तो पारावर जातो, मित्रांत रमतो, जेवायला येतो आणि लेकराला दोनदा हवेत उडवून परत जातो. त्याला मित्र भेटायला हवेत, यात वाद नाही. पण लेकराला न्हाऊ घालणं, लंगोट बदलणं, झोळीत घालून निजवणं, रात्री उठून खांद्यावर घेऊन फिरवणं हे त्यानं चार दिवस केलं, तर लेकराला बापाचा वास आणि आवाज ओळखीचा होतो, आणि मायला सलग झोप मिळते. पाजणं तेवढं तिचं. बाकी सगळं त्याला जमतं. घरातली म्हातारी माणसं "बायकी कामं करतोय" म्हणून हसली, तर त्यांना समजवायचं कामही सुनेचं नाही, त्यानंच ते करावं.

सणात आणखी एक ताण असतो तो शहाणपणाचा. आजी म्हणते घुटी दे, जिभेला मध लाव, डोळ्यांत काजळ घाल. सून म्हणते, डॉक्टर नको म्हणाले. इथं डॉक्टरांचं ऐकावं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. वर्षाच्या आत मध नाही. डोळ्यांत काजळ नाही. सर्दी-खोकल्याच्या पाहुण्यानं लेकराचे मुके घ्यायचे नाहीत आणि कुणीही हात धुतल्याशिवाय घ्यायचं नाही. पण म्हणून आजीचं ज्ञान टाकाऊ ठरत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात लेकरांची काळजी घेतली. त्या प्रयोगानं नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट झाली, आणि ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या वारी लेकराला पाहायला येतात, त्यामागे हेच काम आहे. गावच्या बाईच्या हाताला नवं ज्ञान मिळालं की लेकरं जगतात, हा त्याचा अर्थ. तेल लावणं, ऊब देणं, अंगाई म्हणणं, रडण्यावरून भूक आणि पोटदुखी ओळखणं, हे आजीनंच करावं. सुनेनं ते मान देऊन शिकावं आणि नको ते ठामपणे, पण मान ठेवून नाकारावं. या वादात लेकाचं गप्प बसणं सगळ्यात वाईट.

फटाक्यांचंही तेच. २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या लेकरांच्या नावानं त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. लेकरं सहा ते चौदा महिन्यांची होती आणि मागणी होती स्वच्छ हवेची. त्या खटल्यात २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरली. न्यायालयानं वेळ घालून दिली, पण ज्याच्या घरात झोळी बांधलेली आहे त्याच्या अंगणात सुतळी बॉम्ब वाजवायचा नाही, हे कळायला निकालाची वाट पाहू नये. शेजारधर्म तेवढ्यासाठी पुरेसा आहे.

वालूरला हे सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. हे जुन्या बारवांचं गाव. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची इथली बारव गाळानं आणि कचऱ्यानं भरून गेली होती. अलीकडच्या काही वर्षांत गावकऱ्यांनीच श्रमदान करून ती मोकळी केली, आणि आज ती पाहायला लांबून माणसं येतात. बारव एका दिवसात बुजली नव्हती आणि एका माणसानं मोकळीही झाली नाही. पोरसवदा माय ज्या भाराखाली दबते, तोही असाच पिढ्यांचा गाळ आहे. तो उपसायला रांग लागते आणि रांगेत बापे लागतात.

म्हणून या दिवाळीला तान्हं लेकरू घरी येणार असेल, तर आधी बसून कामं वाटून घ्या. फराळ दोनच पदार्थांचा करा किंवा गावातल्या बचत गटाकडून आणा. रात्रीची पाळी बापाची, पहाटेची आजोबांची, अंघोळ आजीची, दुपारी लेकरू आत्याकडे आणि भाऊबीजेला बहिणीकडे जाणाऱ्या मामानं ओवाळून घेण्याआधी भाच्याला तासभर सांभाळायचं. लेकराच्या मायला रोज दुपारी दोन तास दार लोटून निजू द्या आणि तिला कुणी हाक मारणार नाही, याची जबाबदारी सासूबाईंनी घ्यावी. पुढच्या लग्नाची बोलणी याच दिवाळीत बसून होणार असतील, तर पोरीचं वय आधी विचारा. अठरा भरलेली नसतील, तर त्या बैठकीतून उठून जा.