टाकीकडे पाठ फिरवलेल्यांना

जांबेकरांनो, आधी मी विचारते त्याची उत्तरं द्या. गावच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? तारीख सांगा, ‘मागे कधीतरी’ चालणार नाही. काल टाकीत टीसीएल, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, पडलं का? पडलं असेल तर मोजून पडलं की मुठीने? गावाच्या टोकाला जो शेवटचा नळ आहे, तिथपर्यंत क्लोरीन पोचतं का, हे कुणी पाहिलंय? आपला जलसुरक्षक कोण, हे तरी किती जणांना ठाऊक आहे?

एकही हात वर येत नाही. गुंठ्याचा भाव विचारला असता तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका दमात सांगितला असता.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. ‘बाई, आम्ही नळाचं पाणी पीतच नाही. घरी आरओ आहे, नाहीतर जार येतो.’ माझा राग नेमका इथे आहे. स्वतःच्या ओट्यावर मशीन बसवलं आणि गावाच्या टाकीकडे पाठ फिरवली. मग ते पाणी पितं कोण? तुमच्याच घरामागे काढलेल्या खोल्यांत राहणारी माणसं पितात. हिंजवडीच्या बांधकामांवर राबणारे, सोसायट्यांचे रखवालदार, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया. त्यांचं खोलीभाडं महिन्याच्या महिन्याला मोजून घेता ना? मग त्यांच्या तान्ह्या मुलाच्या पोटात कोणतं पाणी जातं, हा प्रश्न तुमचाही आहे. अंगणवाडीतलं पोर तेच पितं. शाळेच्या नळाला तोंड लावणारा तुमचा स्वतःचा नातूही तेच पितो, तिथे घरचा आरओ त्याच्यामागून येत नाही.

पाणी सगळ्यांचं आहे, एवढं सांगण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसांना चवदार तळ्यावर चालत जावं लागलं. आज गावाची टाकी सगळ्यांना खुली आहे. पण ज्याच्या खिशात पैसे आहेत तो तिच्यातून बाहेर पडला आणि उरलेल्यांचं काय होतं ते बघायचं त्याने सोडून दिलं. मला हे मान्य नाही.

आणि ज्या जारच्या भरवशावर तुम्ही निश्चिंत आहात, त्याचंही ऐका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली. नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी. इथून लांब नाही. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, माणसं दगावली. आधी जुलाब, मग पायातली ताकद जाते, जिना चढता येत नाही, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि अन्नातून तो पोटात जातो. पोट बरं होतं, पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची यंत्रणा कधीकधी आपल्याच नसांवर उलटते. त्या भागात नळाला येणारं विहिरीचं पाणी गाळून शुद्ध करायला प्रकल्पच नव्हता, होतं ते नुसतं क्लोरीन. तपासणी वाढली तेव्हा खासगी आरओ प्रकल्पांचं आणि टँकरचं पाणीही दूषित निघालं, आणि महापालिकेला असे कितीतरी प्रकल्प बंद करावे लागले. म्हणजे पैसे मोजून, जार विकत घेऊन लोक घाणच पीत होते. जार दिसायला स्वच्छ असतो. डोळ्यांनी पाणी तपासता येत नाही, हे मी चौथीच्या वर्गात शिकवत आले. तुमच्यातले किती जण त्या दिवशी गैरहजर होते?

तुमचा दुसरा आधार म्हणजे महापालिका. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे यांच्याबरोबर जांबे पिंपरी-चिंचवडमध्ये जाणार, ही चर्चा कित्येक वर्षं चालली आहे. जाईल तेव्हा जाईल. पण नांदेड आणि किरकटवाडी २०२१ मध्येच पुणे महापालिकेत गेली होती, आणि साथ आली ती त्यानंतर साडेतीन वर्षांनी. गावाची पाटी बदलली म्हणून विहिरीचं पाणी बदलत नाही. उद्या महापालिका येईल म्हणून आज टाकीत टीसीएल टाकायचं नाही, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

टीसीएलचंच घ्या. विहिरीत किती टाकायचं हे गणित तुम्ही सगळे शिकलेले आहात. विहिरीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५. सगळं मीटरमध्ये घ्या, उत्तर घनमीटरमध्ये येईल, हजाराने गुणलं की लिटर. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम हा आपल्याकडचा ढोबळ हिशोब, म्हणजे १८८ ग्रॅम. यात अवघड काय आहे? सातबारावरचं क्षेत्र तुम्ही गुंठा-आण्यात तोंडी सोडवता. मग इथेच हात थरथरतो का?

ती पावडर ठेवता कुठे, हेही विचारते. ताज्या टीसीएलमध्ये साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतं. मुळशीच्या पावसात गोणी उघड्या तोंडाने ओल्या खोलीत ठेवली की ते उडून जातं आणि उरतो नुसता पांढरा चुना. टाकणाऱ्याला वाटतं औषध टाकलं, पिणाऱ्याला वाटतं पाणी सुरक्षित आहे, आणि दोघांचीही फसवणूक होते. म्हणून ओटी टेस्ट करायची. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबायचं, मग नळाचं पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळट रंग आला तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे आणि ते शेवटच्या नळाला. टाकीखालच्या पहिल्या नळाला रंग आला म्हणून तपासणीची वही मिटायची नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंसाठी काही उरत नाही.

आणि क्लोरीनचा वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांनो, जरा उभे राहा. तुम्ही ओरडता म्हणून टाकणारा दुसऱ्या दिवशी निम्मंच टाकतो. तुमच्या नाकाच्या सोयीसाठी गावाचं पोट धोक्यात घालता. वास आवडत नसेल तर पाणी भरून ठेवा, वास हळूहळू कमी होतो. घरचा आरओ तर क्लोरीन आधीच काढून टाकतो. ते पाणी दोन दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवलं आणि त्यात हात बुडवला, तर त्याला राखायला काहीच उरत नाही.

सगळ्यात जास्त संताप मला नळाला लावलेल्या मोटारींचा येतो. पाणी तासभरच येतं, बाकीचा दिवस पाइप रिकामा. रिकाम्या पाइपला जिथे गळती असेल तिथून गटाराचं पाणी आत झिरपतं. पाणी सुटलं की तुम्ही मोटार लावून ओढता, म्हणजे पाइपात आणखी पोकळी करता, आणि ती घाण शेजारच्या घरात जाते. गळकी जोडणी दिसली तर कितीजण ग्रामपंचायतीत सांगायला गेले? गाडी धुवायला मात्र त्याच नळाची नळी लावली.

घरं वाढली, खोल्या वाढल्या, शौचालयं वाढली. हे चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान पंधरा मीटर लांब हवा. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून मैला किती लांब जातो, ते वरून दिसत नाही. घर बांधताना वास्तू बघायला माणूस आणलात. मग बोअर आणि खड्डा यांच्यात टेप का नाही धरली?

‘सरकार काही करत नाही’ असं म्हणून सुटू नका. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं, आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपलं कोणतं आहे? जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट देऊन शिकवायचं ठरलेलं आहे. त्या पाचजणी कोण? पंधराव्या वित्त आयोगाने गावाला दिलेल्या निधीतला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, तो कशावर गेला हे ग्रामसभेत कोणी विचारलं? पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असल्या पाहिजेत. पोरींनो, तुम्हालाही सोडणार नाही. सह्यांपुरतं रजिस्टर घरी येतं, तुम्ही सही करता आणि भाजी चिरायला बसता. यापुढे बैठकीत येऊन बसा आणि वही मागा. वही दाखवली नाही तर सही करू नका.

आता काय करायचं ते लिहून घ्या. येत्या रविवारी टाकी रिकामी करून आतून धुवायची, झाकण लावायचं, आणि धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहायची. टीसीएलची गोणी कोरड्या खोलीत, बंद डब्यात. चावी एकाकडे, वजनाचा काटा तिथेच. ग्रामपंचायतीच्या दारात फळा लावायचा. रोज सकाळी पाणी सुटलं की शेवटच्या नळाची ओटी टेस्ट करून तारीख, वेळ आणि रंग त्यावर लिहायचा, आणि तपासणाऱ्याचं नावही. सातवीतली मुलं हे काम चुटकीसरशी शिकतील, पण त्यांच्यावर ढकलू नका. पहिला महिना मोठ्यांनी करायचं. नळाची मोटार ज्याच्या त्याने स्वतः काढायची, नाहीतर त्याचं नाव त्याच फळ्यावर येईल. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी आपल्या भाडेकरूंच्या नळाचं पाणी महिन्यातून एकदा तपासून आणायचं. आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय पाण्याचा, रस्त्याचा नंतर. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तेव्हा हेच प्रश्न पुन्हा विचारीन. कोणाला विचारीन ते आत्ता सांगत नाही, म्हणजे सगळे तयारी करून येतील.