बांबूवरची बुरशी, कुणाची?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत अनोळखी पोराला हमखास दोन प्रश्न विचारले जातात. कितव्या गल्लीत राहतोस, आणि कुणाचा तू? पहिल्याचे उत्तर आकड्यात मिळते, कारण इथल्या गल्ल्या आकड्यांनीच ओळखल्या जातात. पण दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. बुरशींच्या वर्गीकरणाची गेल्या सव्वाशे वर्षांतली वाटचाल मला या पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे झालेली दिसते. बांबूवर वाढणाऱ्या औषधी बुरशींची हकिगत वाचताना मात्र तिसरा प्रश्नही तितकाच निकडीचा वाटू लागतो : तू करतोस काय?

बुरशी म्हणजे वनस्पती नव्हे, हे मान्य व्हायलाच फार काळ गेला. जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि त्यांतली एक बुरशींना दिली. त्याआधी त्या वनस्पतींच्या आवारात मुक्कामाला होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या साक्कार्दो यांनी जगभरच्या बुरशींची नोंद करताना बीजाणूंचा रंग, आकार आणि त्यांतले पडदे यांवर भर दिला. त्याच्या जोडीला आश्रय देणारे झाड पाहायचे. वेगळ्या झाडावर सापडली की वेगळी बुरशी, असे मानून कित्येक नावे पडली. सूक्ष्मदर्शक आणि नीट लिहिलेली चिठ्ठी एवढ्याच भांडवलावर त्या पिढ्यांनी केलेले काम अफाट आहे, हे मी आदरानेच म्हणतो. बांबूचेच पाहा : २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातल्या बांबूंवरच्या १,१०० हून अधिक बुरशींची गणती आहे.

त्यांतली एक शिराया बांबूसिकोला. जपानी वनस्पतिरोगतज्ज्ञ शिराई मित्सुतारो यांचे नाव तिला १९०० साली जर्मनीच्या हेनिंग्ज यांनी दिले. बांबूच्या फांदीला धरून वाढणारा तिचा मांसल, रंगीत गोळा पाहून ती तशाच दिसणाऱ्या हायपोक्रियाच्या गटाजवळ बसवली गेली. पुढे तिच्या बीजाणूंच्या पिशवीची भिंत दुपदरी असल्याचे ध्यानात आले आणि ही जागा तिची नव्हे, असे अभ्यासक म्हणू लागले.

दुसरी बुरशी चीनच्या युनान प्रांतातल्या डोंगरी बांबूंवरची. संधिवातावर आणि पोटाच्या दुखण्यावर तिथले लोक ती वापरत आले. १९८० च्या सुमारास तिच्यातले लाल रंगाचे द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. बुरशीची ओळख तेव्हा हायपोक्रेला बांबूसी अशी ठरलेली होती, म्हणून द्रव्याला हायपोक्रेलिन म्हटले गेले. त्यावर प्रकाश पडला की ते ऑक्सिजनला अतिशय क्रियाशील करते आणि तो ऑक्सिजन आसपासच्या पेशी मारतो. म्हणजे द्रव्य रोगट जागी पोचवायचे आणि उजेड तेवढ्याच जागी पाडायचा, असा उपचार शक्य होतो. त्वचेच्या काही विकारांवर चीनमध्ये तो वापरला गेला. कर्करोगाच्या दृष्टीनेही अभ्यास चालू आहे.

हेच द्रव्य शिरायातही सापडले, आणि इथे खरा पेच होता. हायपोक्रेला आणि शिराया ही एकमेकांपासून फार दूरची घराणी. हायपोक्रेलातल्या बहुतेक बुरशी तर झाडावर नव्हे, झाडाला चिकटलेल्या खवले किडीवर किंवा पांढऱ्या माशीवर जगतात. मग इतका गुंतागुंतीचा रेणू दोघींना सारखाच कसा जमला? शिरायासाठी २०१३ साली शिरायासी हे स्वतंत्र कुळ मांडले गेले. २०१९ साली युनानच्या बुरशीच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि उलगडा झाला : ती हायपोक्रेला नव्हतीच, शिरायाच्याच भावकीतली होती. आता ती रुब्रोशिराया बांबूसी. द्रव्याचे नाव मात्र जुन्या ओळखीवरच राहिले.

नावांची ही उलथापालथ म्हणजे नुसती कागदी उठाठेव, असे म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. जुन्या नावावर विश्वास ठेवून औषधाचे आणखी स्रोत शोधायला निघालेला माणूस किडींवरच्या बुरशी तपासत बसला असता. भावकी कळली म्हणून शोधाची दिशा कळली.

पण भावकीने सगळे कळत नाही. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचे दाणे जांभळे पडतात, तो सर्कोस्पोरा किकुची या बुरशीचा प्रताप. तिच्यातून १९५७ साली जपानमध्ये वेगळे केलेले सर्कोस्पोरिन हे हायपोक्रेलिनच्याच रासायनिक गटातले, तसेच उजेडात जागे होणारे. ती बुरशी त्याने पिकाच्या पेशी फोडते. डॉक्टरला त्याच जातीच्या द्रव्याने रोगट पेशी मारायच्या असतात. म्हणून बुरशी काय करते, हे वेगळे विचारावेच लागते, आणि त्याचे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलते. शिरायाच्या गोळ्यात राहणारे काही जिवाणू तिला जास्त हायपोक्रेलिन बनवायला लावतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

सह्याद्रीत हाच धडा नरक्याने दिला. कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन या झाडात असते, म्हणून कोल्हापूरच्या जंगलांतूनही त्याची चोरटी तोड झाली. २००५ साली नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही ते द्रव्य सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि झाड वाचण्याची आशा वाटली. मात्र झाडाबाहेर, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवताना अशा बुरशींची द्रव्य बनवण्याची क्षमता घटत जाते, असा अनुभव आहे. म्हणजे डीएनएच्या काळातही राहण्याचा पत्ता रद्द झालेला नाही. कोणत्या झाडात, कुणाच्या सोबतीने, हे पुन्हा लिहावे लागते.

या कामी आपण रिकाम्या हाताने उभे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ आजरेकरांच्या नावाचा वाळवलेल्या बुरशींचा संग्रह आहे, तिथेच जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही आहे. एम. एन. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली महाराष्ट्रातल्या बुरशींवर ग्रंथ सिद्ध केला. राजारामपुरीपासून हाकेच्या अंतरावरच्या शिवाजी विद्यापीठाने घाटातल्या फुलझाडांच्या वर्गीकरणात नाव कमावले आहे. तीच चिकाटी गगनबावडा, आजरा, चंदगडच्या माणगा आणि कळक या बांबूंवर वाढणाऱ्या बुरशींना मिळावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी नमुन्याच्या पाकिटावर नुसते ‘बांबूवर’ लिहून भागणार नाही. बांबू कोणता, पेर जिवंत की वाळलेले, फांदीवर खवले कीड होती का, महिना कोणता, हे लिहायला हवे. आणि वाळवलेल्या तुकड्यासोबत त्याच बुरशीचे जिवंत विरजण पुण्याच्या संग्रहात पोचायला हवे, म्हणजे उद्या कुणाला तिच्यातले द्रव्य तपासायचे झाले तर बुरशी हाताशी असेल.