काही झालं नाही ना?

आई पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला नेहमी दोन भोकं पाडते. एकच पाडलं तर तेल गुडगुड करत अडतं. हे मी लहानपणापासून बघत आलोय, आणि तरीही इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी पेट्रोलच्या टाकीला हवेचं भोक ठेवायला विसरलो.

२०१७ ची गोष्ट. आम्ही वीस-पंचवीस पोरं मिळून फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीची छोटी रेसिंग कार बनवत होतो. कॉलेजचं वर्कशॉप सहाला बंद व्हायचं, म्हणून शेवटचे काही महिने गाडी लोअर परळला, डिलाइल रोडच्या आतल्या एका गल्लीत, मित्राच्या काकांच्या गाळ्यात होती. माझं घर तिथून चार मिनिटांवर, म्हणून गाळ्याची चावी माझ्याकडे. फ्युएल सिस्टीमही माझ्याकडे. केटीएम ३९० चं इंजिन आणि स्वतः वेल्ड करून घेतलेली सहा लिटरची अल्युमिनियमची टाकी.

पहिल्यांदा चालवलं तर इंजिन दहाएक मिनिटांत गचके खाऊन बंद. स्पार्क बघितला, इंजेक्टर बघितला, ईसीयूला शिव्या घातल्या. मग कोणीतरी टाकीचं झाकण उघडलं. सुस्स्स असा आवाज आला आणि इंजिन परत चालू. पेट्रोल बाहेर जात होतं, त्याची जागा घ्यायला हवा आत येत नव्हती, पंप उपाशी मरत होता. मी झाकणालाच ड्रिलने भोक पाडलं. तो जुगाड अर्धा दिवस टिकला. पहिल्याच जोरदार वळणावर टाकीतलं पेट्रोल उसळून त्या भोकातून गाडीवर सांडलं.

नीट पद्धत अशी आहे. हवेची नळी टाकीच्या सगळ्यात उंच जागेतून काढायची, आणखी वर नेऊन वळसा द्यायचा. मध्ये चेक व्हॉल्व्ह बसवायचा. त्याच्या आत एक गोळी असते, गाडी उलटली की ती वाट बंद करते. नळीचं टोक ड्रायव्हर आणि सायलेन्सरपासून लांब, बॉडीच्या बाहेर काढायचं. नियमपुस्तकात हे सगळं दोन ओळींत आहे: नळीला चेक व्हॉल्व्ह हवा, टोक बॉडीच्या बाहेर हवं.

बाहेर म्हणजे कुठे, ते पुस्तकात नाही. ट्रॅकवर त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्या गाळ्यात बाहेर म्हणजे शेजारच्या आजींचा दरवाजा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत सरकते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली की पेटायला एक ठिणगी पुरे. आजींकडे संध्याकाळी दिवा लागायचा. "पोरांनो, डोकं दुखतं रे माझं त्या वासानं," असं त्या रोज म्हणायच्या, आणि आम्ही रोज म्हणायचो, "दोनच दिवस, आजी."

डिसेंबरच्या २९ तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातल्या रूफटॉप पबला आग लागली. १४ माणसं गेली. आमच्या गल्लीत बंबांचे आणि केईएमकडे धावणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचे आवाज पहाटेपर्यंत येत होते. त्या रात्रीच्या आधी कितीतरी रात्री लोक तिथे जेवून, नाचून आरामात घरी गेले होते. सकाळी आजी गाळ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. आम्ही तासाभरात पेट्रोलचा कॅन हलवला, गाडीतलं पेट्रोल काढून टाकलं, आणि उरलेलं टेस्टिंग कॉलेजच्या मैदानात करायचं ठरवलं.

म्हणजे मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

काही आठवड्यांनी आम्ही दुसऱ्या राज्यात स्पर्धेला गेलो. आदल्या रात्री मी व्हॉल्व्ह काढून बाटलीला लावला, बाटली उलटी केली. थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. आतलं रबर पेट्रोलने फुगलं होतं, गोळी नीट बसत नव्हती. दुसरा व्हॉल्व्ह नव्हता. सकाळी टिल्ट टेस्ट होती. त्यात टाकी भरून, ड्रायव्हर बसवून गाडी ६० अंशांपर्यंत आडवी कलवतात आणि काही गळतंय का बघतात. मी नळीच्या टोकात एक बोल्ट घातला आणि वरून क्लिप आवळली. टोक बॉडीच्या खालच्या कडेशी होतं, मुद्दाम वाकल्याशिवाय दिसत नव्हतं. टेस्ट पास झाली. मी बोल्ट काढून खिशात टाकला. मग दोन मित्रांनी त्या गाडीत मिळून २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स पूर्ण केली. पूर्ण करणाऱ्या टीम थोड्याच होत्या. आम्ही नाचलो. बोल्टबद्दल मी कोणालाच सांगितलं नाही.

काही झालं नाही. मग चुकलं काय?

माझ्या बाजूने बोलायचं तर मुद्दा कमकुवत नाही. ६० अंशांना जी गाडी उभी राहते, तिला उलटवायला वळणात साधारण १.७ जी लागतो, आणि त्याच्या आत तिचे टायरच घसरतात. मी हे गणित त्या रात्री खरंच केलं होतं. धोका अगदी लहान होता.

१८७७ मध्ये विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एका जहाजमालकाची गोष्ट लिहिली. जहाज जुनं आहे, शंका आहेत, पण इतक्या सफरी नीट झाल्यात म्हणून तो स्वतःची समजूत घालतो आणि माणसं भरून जहाज सोडतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. हे वाचल्यावर मला आधी जरा बरं वाटलं, कारण मी समजूत घातलीच नव्हती, मला व्हॉल्व्ह गळतोय हे पक्कं माहीत होतं. मग लक्षात आलं की ही सुटका नाही, उलट मी त्याच्या एक पायरी खाली आहे.

बर्नार्ड विल्यम्सने पुढे, १९७६ मध्ये, याच्या उलट बाजूचा माणूस समोर ठेवला: काहीही चूक नसताना ज्याच्या ट्रकखाली मूल येतं तो ड्रायव्हर. त्याला जे आयुष्यभर वाटत राहतं, त्याला विल्यम्सने नावही दिलं. पण चूक आहे आणि अपघात नाही, तेव्हा जे वाटतं त्याला काय म्हणायचं? पश्चात्ताप म्हणावं तर कुणाचं काही बिघडलेलं नाही. हुरहूर तर नाहीच.

दत्तात्रय लोहारांचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे. भंगारातून, साठेक हजारांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, त्यापेक्षा बोलेरो घ्या. तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर सगळे नियमांना हसत होते. मला हसता आलं नाही. लोहार निदान स्वतःच्या गाडीत स्वतः आणि घरच्यांबरोबर बसत होते. मी माझ्या गाडीत बसणार नव्हतो. आजींना वास तरी येत होता, त्या दारात येऊन उभ्या राहू शकत होत्या. हेल्मेट घातलेल्या माझ्या मित्राला कशाचाच वास येणार नव्हता.

आता मी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. तिथेही रोज कुठला तरी बोल्ट असतो, तो वेगळा विषय आहे.

मागच्या महिन्यात तो मित्र बंगळूरहून आला होता. डिलाइल रोडच्या पुलावर, गाड्या खालून जात असताना, मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"एन्ड्युरन्सच्या आधी काढला होतास ना पण?"

"काढला होता. नाहीतर इंजिन दहा मिनिटांत बंद पडलं असतं."

"म्हणजे उलटली असती तर..."

"हो."

खालून एक फास्ट गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"सांगितलं असतंस तरी मी बसलोच असतो रे."

"माहितेय मला."

"मग सांगितलं का नाहीस?"