थोडकी शक्ती असलेली मंडळी

शास्त्रभाग : प्रकटीकरण ३:७-१३



फिलदेल्फियाच्या मंडळीची शक्ती थोडकी आहे हे प्रभू स्वतःच सांगतो, आणि त्याबद्दल तिला दोष देत नाही. तिने त्याचे नाव नाकारले नाही, एवढे त्याला पुरते. हा भाग आम्ही उपासनेत पुष्कळदा वाचला आहे. पण एस्टोनियातील मेथडिस्ट मंडळीची हकीगत कळल्यापासून तो वाचताना आम्ही थबकतो.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा लहानसा देश. त्या काळी तेथील ख्रिस्ती लोक बहुतेक लूथरपंथी होते. तेथील सारेमा बेटावर १९०७ साली मेथडिस्ट सुवार्ताकार्य सुरू झाले. १९४० साली सोव्हिएत सत्ता आली. १९४१ साली मंडळ्यांचे सुपरिंटेंडेंट मार्टिन प्रिकास्क यांना पकडून नेले. ते परत आले नाहीत. मध्यंतरी जर्मन सैन्य आले. ९ मार्च १९४४ च्या बाँबवर्षावात राजधानी टाल्लिनमधील मेथडिस्ट मंदिर नष्ट झाले, आणि त्याच वर्षी सोव्हिएत सत्ता परतली. पुढारी गेला, मंदिर गेले. शेजारच्या लाटव्हियात व लिथुआनियात मेथडिस्ट मंडळ्या टिकल्या नाहीत.

मग एस्टोनियात काय उरले? कायद्याने काय उरू दिले ते आधी पाहू. १९२९ च्या सोव्हिएत कायद्याप्रमाणे मंडळीची नोंदणी करावयास वीस प्रौढ माणसे लागत. इमारत सरकारच्या मालकीची. मंडळीला ती केवळ वापरावयास मिळे. मुलांच्या, तरुणांच्या व स्त्रियांच्या खास सभांना बंदी. पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचे वर्ग बंद, वाचनालय बंद, सहली बंद. गरीब सभासदाला मंडळीच्या पैशातून मदत करणे हाही गुन्हा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. आमच्या मंडळ्यांत वर्षभर जे चालते त्यांतील बहुतेक सर्व तीत येऊन जाते. उरते ती उपासना.

टाल्लिनच्या मंडळीला उपासनेसाठीही जागा नव्हती. ती मिळाली ॲडव्हेंटिस्टांच्या मंदिरात. ते शनिवार पाळणारे; त्यामुळे रविवारी मंदिर मोकळे. शब्बाथाचा दिवस कोणता यावर ज्यांच्याशी आपण वाद घालतो, त्यांच्याच छपराखाली ही मंडळी अनेक वर्षे रविवार पाळीत राहिली! आमच्या गावी दोन मंडळ्या एका दफनभूमीच्या किल्लीवरून वर्षभर बोलत नव्हत्या, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मेथडिस्टांच्या घडणीत एक गोष्ट अशी आहे की जी या काळात उपयोगी पडली असावी. १७४२ साली ब्रिस्टल येथे मंदिराचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्यास माणशी एक पेनी गोळा करावयाची ठरली. बारा-बारा जणांमागे एक माणूस नेमला. पैसे मागावयास तो घरी जाई तेव्हा त्या घराची आत्मिक स्थितीही त्याला कळे. वेस्लीने हे ओळखले आणि त्यातून वर्गसभा उभी राहिली. वर्गपुढारी पाळक नसे. तो कारागीर असे, दुकानदार असे. सामान्य सभासदानेही उपदेश करावा ही रीतही जुनीच. वर बिशप, कॉन्फरन्स, सुपरिंटेंडेंट अशी रचना आहे खरी. पण वरचे सारे काढून घेतले तरी खाली एकमेकांच्या जिवाची विचारपूस करणारी माणसे राहतात. शिकवणही तशीच. देवाची कृपा सर्वांसाठी आहे, क्षमेची खात्री मनुष्याला अंतःकरणात मिळू शकते, आणि पवित्र जीवन ही रोजची चाल आहे. या तीन गोष्टींस इमारत लागत नाही.

मुलांचे काय, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. वर्ग भरविता येत नव्हते. पण गायन हा उपासनेचाच भाग, म्हणून गायकवर्ग चालू शकला. तरुण मंडळी गाण्याच्या निमित्ताने एकत्र राहिली. बाकीचे शिक्षण आईबापांवर आले. पोराला रविवारी शाळेत सोडून मोकळे होण्याची सोय त्यांना नव्हती.

कित्येक जण विचारतात, नोंदणी करून सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली उपासना करणे ही तडजोड नव्हे काय? काही ख्रिस्ती गटांनी सोव्हिएत देशात नोंदणीच नाकारली व तुरुंग पत्करला. त्यांचा मान मोठा आहे. पण नोंदणीने संकट टळले असे नाही. टाल्लिनचे पाळक अलेक्झांडर कूम यांना १९५२ साली पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि उत्तरेकडील श्रमछावणीत पाठविण्यात आले. स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५६ साली त्यांची सुटका झाली. ते टाल्लिनला परतले, पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले, आणि पुढे त्या मंडळ्यांचे सुपरिंटेंडेंटही झाले. पंख्याखाली बसून अशांचा न्याय करण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

१९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. १९९४ साली मेथडिस्टांचे ईश्वरविज्ञान विद्यालय टाल्लिनला उघडले. शब्बाथ शाळा उघडपणे भरू लागल्या. जळालेल्या मंदिराच्या बदली नवे मंदिर उभारावयास कोरिया व अमेरिका येथील मेथडिस्टांनी हात दिला. २००० साली त्याचे समर्पण झाले. मधल्या ५६ वर्षांत त्या मंडळीला राजधानीत स्वतःचे घर नव्हते.