भाकरीची पायरी

गरिबांच्या सवयींवर मत द्यायला आपल्याकडे कुणालाच परवाना लागत नाही. कर्ज काढून लग्नं करतात, हातात पैसा ठरत नाही, पोरांना शाळेतून काढतात, म्हणून तर वर येत नाहीत, असा निकाल चहा संपायच्या आत लागतो. या निकालाला विद्यापीठी आधार मिळाला तो ऑस्कर लुईस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञामुळे. मेक्सिकोतल्या कुटुंबांचा अभ्यास करून त्याने १९५९ साली 'दारिद्र्याची संस्कृती' ही कल्पना मांडली. गरिबीशी जुळवून घेताना घडलेली जगण्याची रीत मुलांकडे जाते आणि परिस्थिती पालटली तरी सहजी सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. लुईसला गरिबांचा कळवळा होता. त्याच्या कल्पनेचा वापर मात्र गरिबांवर खापर फोडायलाच अधिक झाला.

सवयी खरंच एवढ्या चिवट असतात का? महाराष्ट्रात याचं उत्तर भाकरीकडे आहे. सोलापूर-मराठवाड्याकडे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. गव्हाची पोळी सणाला, नाहीतर पाहुण्याला. १९७२च्या दुष्काळात ज्वारीही मिळेनाशी झाली, तेव्हा परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, लोकांनी नाक मुरडत खाल्ला, खडी फोडायच्या दुष्काळी कामावर सुकडीचं पौष्टिक मिश्रण खाऊन दिवस काढले. पुढे रेशनवर स्वस्त गहू येत राहिला. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो २ रुपये किलो केला, २०२३पासून तर फुकट. कितीएक पिढ्यांचं ताट बघता बघता बदललं आणि मजुराच्या घरी पोळी-भात रोजचा झाला.

त्यामागचा हिशेब चुलीपुढे बसल्याशिवाय कळत नाही. गरम पाण्यात पीठ मळायचं, एकेक भाकरी परातीत थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग निखाऱ्यावर शेकायची. पहाटे घरादाराच्या भाकरी बडवून दिवस उगवायला रोजावर जाणाऱ्या बाईने फुकटच्या गव्हाला नाही म्हणावं तरी कशासाठी? कर्ज काढून केलेल्या लग्नाचंही असंच आहे. ज्याला बँक दारात उभं करत नाही, त्याला अडीनडीला भावकीच लागते. तिथली पत राखायची तर चारचौघांत पंगत उठवावीच लागते. बाहेरून उधळपट्टी दिसते, त्यात विम्याचा हप्ताही असतो.

गंमत अशी, की गरिबाच्या ताटातून उतरलेली ज्वारी श्रीमंताच्या ताटात चढली. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, अर्थसंकल्पात 'श्री अन्न' असा गौरव झाला. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्वारीचं पीठ आता गव्हाच्या पिठापेक्षा महाग मिळतं. धान्य तेच, पण वकिलाने खाल्लं की पथ्य, सालगड्याने खाल्लं की नाइलाज. वर्ग नुसता मिळकतीवरून ठरत नाही. आपल्या सवयीला आवड म्हणवून घेता येणं, हाही वर्गाचाच अधिकार.

शिवाय प्रत्येक पदार्थाला ही पायरी चढता येत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद केली. त्या चुलीवरच्या चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाचे तुकडे, 'अस्सल मराठी' थाळीत सापडायचे नाहीत. ज्वारीला वर्गाने वर घेतलं, चान्यांना जातीने बाहेर ठेवलं. जातीची ही बाजू लुईसच्या नजरेतून सुटली. त्याने दिल्लीजवळच्या एका गावाचाही अभ्यास केला होता. भारतातल्या तळच्या जाती गरीब असल्या तरी त्यांची जातपंचायत आहे, समाजात त्यांना जागा आहे, म्हणून त्यांच्यात दारिद्र्याची संस्कृती नाही, असं तो म्हणे. पण जागा होती ती वेशीबाहेरची, आणि जातीतल्या आधाराची किंमत त्या माणसांनी अपमान सोसून मोजली.

म्हणून गरिबांच्या सवयी सुधारायच्या मोहिमांना माझा विरोध नाही, त्यांच्या क्रमाला आहे. ज्वारी खा म्हणून फलक लावायचे आणि रेशनच्या पिशवीत गहू घालायचा, याला प्रबोधन म्हणत नाहीत. अन्न सुरक्षा कायद्यातच भरडधान्याचीही तरतूद आहे, आणि कर्नाटकात रेशनवर नाचणी, ज्वारी दिलीही जाते. आधी धान्य हाताशी येऊ द्या, रोजावर जाणाऱ्या बाईची पहाट थोडी मोकळी होऊ द्या. मग ती जे रांधेल ती तिची आवड असेल, आणि तिच्या आवडीवर बोलायचं असेल तर आपल्या आवडीइतकंच अदबीने बोलावं लागेल.