रोगाची वाट आणि रोग्याचा देह

साथीचा ज्वर एकाला गाठतो आणि त्याच ओसरीवर निजणाऱ्या दुसऱ्याला सोडून देतो, हे कोडे फार जुने आहे. स्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या व दुसऱ्याची वस्त्रे ह्यांच्या द्वारे संक्रमणारे रोग सुश्रुताने सांगितले. चरकाने मात्र जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात उलट बाजूने पृच्छा केली, की प्रकृती, बल व वय भिन्न असलेली माणसे एकाच व्याधीने एकाच वेळी का मरावीत, आणि तिचे उत्तर वायू, जल, देश व काल ह्यांच्या विकृतीत शोधले. वाटेचा विचार आणि देहाचा विचार असे दोन्ही आपल्याकडे होते. त्यांची सांगड मात्र फार उशिरा घातली गेली.

ही सांगड नसल्याची किंमत महाराष्ट्राने प्लेगात मोजली. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस ह्यांनी रोग ओळखला, १८९७ साली साथरोगाचा कायदा आला आणि पाठोपाठ पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्या सुरू झाल्या. कारण माणूसच माणसाला रोग देतो, असे गृहीत धरून सरकारने बरीचशी तजवीज केली होती. गाठीच्या प्लेगाची वाट उंदरावरच्या पिसवेतून जाते, हे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ साली कराचीत दाखवले, तरी ते सर्वमान्य होण्यास १९०५ नंतरचे मुंबईतील संशोधन यावे लागले. धान्याच्या वखारींलगत, जमिनीवर निजणाऱ्या गरिबाचा दोष त्याच्या बिऱ्हाडाच्या जागेत होता, आचरणात नव्हता. वाट चुकीची ठरली की रोगीच अपराधी ठरतो, हे त्या वर्षांनी रयतेला फार कठोरपणे शिकवले. देहाच्या बाजूचा विचार त्याच सुमारास भायखळ्यास चालला होता, जेथे जंतुशास्त्रज्ञ हाफकिन ह्यांनी आपली प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या सावनेरकडे पाहताना मला हा इतिहास दूरचा वाटत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात ह्या जिल्ह्यात व विदर्भात अन्यत्र स्क्रब टायफस ह्या तापाचे रुग्ण आढळले, तेव्हा हा ताप शेजाऱ्याकडून लागतो की काय, अशी भीती पुष्कळांच्या मनात आली. वस्तुतः तो माणसापासून माणसाला होत नाही. झुडपांतल्या व गवतातल्या सूक्ष्म किड्याची अळी चावते, तेव्हा जंतू शरीरात जातो. म्हणूनच त्याची झळ संत्र्याच्या बागेत निंदण करणाऱ्या, धुऱ्यावरचे गवत कापणाऱ्या, गुरे चारणाऱ्या माणसाला अधिक. चाव्याच्या जागी पडणारी काळी खपली कित्येकदा काखेत वा जांघेत दडलेली असते. बाई संकोचाने ती दाखवीत नाही, वैद्यही घाईत ती पाहत नाही, आणि वेळीच दिल्यास सहसा गुण देणारे, डॉक्सिसायक्लीनसारखे स्वस्त औषध लांबणीवर पडते. मग वार्धक्य, मधुमेह किंवा अशक्तपणा ह्यांनी आधीच खचलेला देह अधिक लवकर हार खातो. येथे वाट, व्यवसाय, लज्जा आणि देहबल ही एकमेकांपासून सुटी करताच येत नाहीत.

म्हणून पावसाळ्यात तापाने आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर नाव, वय व गाव ह्यांच्या जोडीने गेल्या तीन आठवड्यांत त्याने गवतात बसून काम केले काय, हेही नोंदले जावे, आणि स्त्रियांची तपासणी आडोशाला, परिचारिकेच्या सोबतीने व्हावी.