जीपची मरम्मत

मेहकरात माझ्या ओळखीचे एक गॅरेजवाले आहेत. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक जुनी महिंद्र जीप आली. ती पोलीस खात्यातली होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती. उडालेल्या रंगाखालून 'पोलीस' ही अक्षरे अजून डोकावत होती. काचेपुढे दगडांपासून बचावाची जाळी होती आणि मागच्या बाकाजवळ बेडीची साखळी अडकवण्याची लोखंडी कडी. एका हौशी गृहस्थाला ती 'जशी होती तशी' करून हवी आहे, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी. उस्तादांनी मला बोलावले ते अक्षरांकरिता. "मास्टरसाब, जुन्या वळणाचे 'पोलीस' काढून द्या. तुमचा हात चांगला आहे."

मी उर्दू शाळेचा शिक्षक. मराठी अक्षराची तारीफ झाल्याने खूश झालो आणि होकार देऊन बसलो.

पण 'जशी होती तशी' म्हणजे केव्हा होती तशी? कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात पेट्रोलचे इंजिन होते; पुढे कुणीतरी मेटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. आधी ताडपत्रीचे हूड होते, नंतर पत्र्याचे आले. जाळी तर त्याहून नंतरची. खूप मागे गेलो तर कंपनीची पाटीही बदलावी लागेल. 1945 साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. आद्याक्षरे मात्र तीच राहिली. आमची जीप त्यानंतरची, म्हणून तो प्रश्न सुटला.

कायद्याला विचारावे तर 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे जी खरोखर राबली, तुटली आणि पुन्हा जोडली गेली, ती या व्याख्येत बसणे अवघडच. मिलिंद राजाला नागसेनाने हेच विचारले होते: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. पण नागसेनापुढचा रथ राजाचा होता. त्या रथात बेडी घालून बसवलेला कुणी तिथे हजर असता, तर त्याने काय सांगितले असते, असे मला राहून राहून वाटते.

कारण त्या हौशी गृहस्थांचा एक निरोप आला होता: अक्षरे हवीत, वरचा दिवा हवा, पण जाळी आणि कडी काढून टाका. मुले फोटो काढायला बसतील, बरे दिसत नाही.

उर्दूत मरम्मत म्हणजे दुरुस्ती. बोलीत मात्र पोलीस माणसाचीही मरम्मत करतात. माझ्या मामूंना एका गावी (गाव सांगत नाही) दगडफेकीनंतर चहाच्या टपरीवरून उचलले होते. तेव्हा मी तिसरीत होतो. तीन दिवसांनी सोडले. गुन्हा कसलाच नोंदवला नव्हता. तेव्हापासून हॉटेलात ते रस्त्याकडे पाठ करून बसतात. आणि हेही सांगितले पाहिजे की, भर पावसात चाचींना बाळंतपणासाठी दवाखान्यात नेले ते अशाच जीपने, एका हवालदाराने स्वतः गाडी काढून. तो चुलतभाऊ घरात आजही 'हवालदार' आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी फिटत नाही.

वर्गात मी मुलांना खोडरबर वापरू देत नाही. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारा, पुढे लिहा. वही घाण दिसते, पण मूल कुठे अडले ते मला कळते. म्हणून मी उस्तादांना म्हणालो, एक तर ही कारखान्यातली साधी जीप करा, माझी अक्षरे नकोत. नाहीतर पोलिसांची करायची असेल तर कडीसकट करा. रुबाब ठेवायचा आणि कडी काढायची, याला मूळ रूप म्हणता येणार नाही. उस्ताद म्हणाले, "पैसा गिऱ्हाइकाचा आहे, सर." तेही खोटे नव्हते. त्यांना महिन्याची मजुरी द्यायची असते, मला फक्त अक्षरे काढायची होती.

एका संध्याकाळी मामू मला शोधत गॅरेजवर आले. जीप पाहून ते परत फिरतील असे मला वाटले. ते मागच्या बाजूला गेले, वाकले, कडीत दोन बोटे घातली.

"ही इथे नव्हती," ते म्हणाले. "खाली होती, पायाशी. माणसाला वाकून बसावे लागायचे."

उस्तादांनी बॅटरी आणली आणि बाकाखालचा पत्रा घासला. पुट्टीखाली वेल्डिंगने बुजवलेली दोन भोके निघाली. उस्ताद थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग खडू घेऊन त्यांनी भोकांभोवती गोल केला आणि गिऱ्हाइकाला फोन लावायला बाहेर गेले.